इथं कोण बसणार?

मार्टिन ब्रॅनिगन गेला त्याच्या आठवडाभर आधी त्याने बर्नीला इस्पितळात बोलावून घेतलं. एकवीस वर्षं तो या भागाचा खासदार होता आणि एकवीस वर्षं बर्नीने त्याची केर्नी गॅपमधली कचेरी सांभाळली होती. सरकारी कागदांवर ती बर्नाडेट युरकोनिस असली, तरी तिला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ती गेली तेव्हा ब्रॅनिगन खिडकीकडे तोंड करून पडला होता. अंगाने एवढा धिप्पाड माणूस, पण चादरीखाली काही आहे की नाही असं वाटावं इतका आटला होता.

"मी गेल्यावर ते हेस्लरला उभा करतील," तो म्हणाला. "नाहीतर त्या विल्हाइडच्या पोराला. तू उभी राहा."

बर्नीला वाटलं, औषधांमुळे बरळतोय. पण त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सांगितलं, अगदी कचेरीत एखादं पत्र लिहायला सांगावं तसं. नर्स सलाईनची पिशवी बदलत होती. ती फिलिपिन्सची होती, तिला या बोलण्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ऐकणारं असं तेवढंच एक माणूस. ब्रॅनिगनने हे ना पक्षाच्या अध्यक्षाला कळवलं, ना बायकोला. पुढच्या मंगळवारी तो गेला.

बर्नी तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. थोरली बहीण रेजिना आणि ती, दोघी बापाच्या घरात राहत. बाप खाणीत होता, आजोबाही खाणीत. गावाच्या मागे कोळशाच्या कचऱ्याचे काळे डोंगर अजून उभे होते. त्यांच्यावर भूर्जाची किडकिडीत झाडं उगवली होती. खाणी केव्हाच बंद पडल्या, त्यानंतर शिलाईचे कारखाने गेले, आणि आता लोकांचं जे काही चालायचं ते पेन्शनवर आणि हमरस्त्यालगतच्या गोदामांवर. अशा गावात खासदाराची कचेरी म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या लष्करातल्या नोकरीची कागदपत्रं हरवली, कुणाच्या आईला औषधांचे पैसे नाकारले, की ते माणूस हातात पाकीट घेऊन बर्नीसमोर येऊन बसे. बर्नी फोन उचलायची. "खासदार ब्रॅनिगन यांच्या कचेरीतून बोलतेय," एवढं म्हटलं की पलीकडचा आवाज बदलायचा. सगळं काम त्या एका वाक्यावर चालत होतं.

लिओ मात्स्कोचं प्रकरण तर आठ वर्षं चाललं. खाणीत एकोणीस वर्षं काढलेला माणूस, छातीत कोळशाची धूळ बसलेली, आणि कंपनीचे डॉक्टर म्हणत की हा सिगारेटचा खोकला आहे. बर्नीने तीन वेळा अपील करायला लावलं. जुने एक्स-रे शोधून काढले, पिट्सबर्गच्या डॉक्टरला पत्रं लिहिली, लिओला स्वतःच्या गाडीतून दोनदा तिकडे नेऊन आणलं. नवव्या वर्षी मंजुरी आली. त्या दिवशी लिओची बायको डोलोरेस कचेरीत खसखशीची अख्खी रोल-पोळी घेऊन आली आणि ती तिने बर्नीच्या टेबलावर ठेवली.

ब्रॅनिगनच्या अंत्यविधीनंतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण होतं. कोबी घातलेल्या शेवया, हॅम, बटाट्याची कोशिंबीर. खासदाराला जमिनीत ठेवून तासही झाला नव्हता, आणि टेबलाटेबलांवर त्याच्या जागेची वाटावाटी चालू होती. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कमिशनर हेस्लर कोपऱ्यात उभा राहून एकेकाचा हात दोन्ही हातांत धरत होता. ग्रँट विल्हाइड वॉशिंग्टनहून आला होता. तो वकील होता, वय छत्तीस, इथल्याच एका मोठ्या घरातला, पण शाळा संपल्यापासून गावात न राहिलेला. काळा कोट त्याला शिवून घातल्यासारखा बसला होता.

मतदान मे महिन्यात होणार होतं. पण आमच्याकडे मधेच जागा रिकामी झाली, की उमेदवार लोक ठरवत नाहीत. पक्षाचे चार काउंट्यांतले प्रतिनिधी एका दुपारी जमतात आणि ठरवतात. ते एक्क्याण्णव होते. या भागात पक्षाने ज्याला उभा केला तो निवडून आल्यातच जमा, तेव्हा खरी निवडणूक त्या एक्क्याण्णव माणसांतच व्हायची. बर्नी त्या प्रत्येकाला नावाने ओळखत होती. त्यांतल्या साठेक जणांचं काही ना काही काम तिच्या हातून झालेलं होतं.

पक्षाचा अध्यक्ष एमेट क्लॉझर शेवयांची ताटली घेऊन बसला होता, त्याच्याजवळ ती गेली आणि म्हणाली की मीही उभी राहतेय. क्लॉझरने घास चावून संपवला. तो वाईट माणूस नव्हता. फार वर्षं एकाच खुर्चीत बसून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं, इतकंच.

"तुला कोण नाही म्हणणार, बर्नी?" तो म्हणाला.

बर्नीने ते उत्तर मनात घोळवत घर गाठलं आणि रेजिनाला सांगितलं. रेजिना भांडी पुसत होती.

"नाही म्हणणार नाहीत, ते खरंच आहे," रेजिना म्हणाली. "तोंडावर कोण म्हणेल? पण हो म्हणाला का तो?"

"म्हणण्यासारखंच आहे ते."

"अगं, तू एकवीस वर्षं लोकांचे फॉर्म भरलेस. ओळ कोरी सोडली तर फॉर्म परत येतो, हे मी तुला सांगायचं?"

बर्नीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. रेजिनाचा स्वभावच तसा होता. कुणाच्या लग्नातही ती आधी निघायची वाट कुठे आहे ते पाहून ठेवायची.

फेब्रुवारीभर बर्नीच्या पायाला भिंगरी होती. खासदार नसला तरी कचेरी नवा माणूस येईपर्यंत चालू ठेवायची असा नियम होता. दारावरची ब्रॅनिगनच्या नावाची पाटी काढून नेली होती, तिथे चार स्क्रूंची भोकं राहिली होती. पाच वाजले की ती कुलूप लावायची आणि बर्फातून गाडी काढून कुणा ना कुणा प्रतिनिधीच्या घरी जायची. आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दोन-चार घरी तिची जीभ रेटेना. पण लोकांनीच तिला सोपं करून दिलं. दार उघडताच कोट काढून घ्यायचे, सूप वाढायचे, ब्रॅनिगनच्या आठवणी काढायचे. आणि सूप संपतं न संपतं तोच आतून एखादं पाकीट यायचं. आलीच आहेस तर एवढं बघ, हे काय लिहिलंय आम्हाला कळत नाही. बर्नी चष्मा लावून बघायची.

त्यानंतर ती विषय काढायची, आणि बहुतेक घरी एकच उत्तर यायचं. टमॅक्वाजवळच्या एका बेकरीवाल्या बाईने ते सगळ्यांत सरळ सांगितलं.

"तुझ्याइतकं लायक कोणी नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण तू तिकडे गेलीस तर इथं कोण बसणार?"

बर्नी हसली. मीच नेमेन की कुणालातरी, म्हणाली. बाईही हसली आणि तिने बर्नीच्या हातात गरम पावांची पिशवी दिली. पाव घेऊन गाडीत बसताना बर्नीने ते मत आपलंच धरलं.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रँट विल्हाइड स्वतः कचेरीत आला. दोन म्हाताऱ्या आधी बसल्या होत्या, त्यांचं होईपर्यंत तो खुर्चीत शांत बसून राहिला. हे बर्नीला आवडलं. तिच्यासमोर आल्यावर तो म्हणाला की तुम्ही उभ्या राहताय याचा मला आदर वाटतो.

"पण मिस बर्नी, मला स्पष्ट बोलू द्या. मी निवडून आलो तर या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. ही कचेरी म्हणजे तुम्हीच."

"आणि मी निवडून आले तर?" बर्नीने विचारलं.

तो हसला. हसणं चांगलं होतं त्याचं, दात नीट होते. "तर मी तुमच्याकडे नोकरी मागायला येईन."

तो गेल्यावर बर्नीच्या लक्षात आलं, की त्याने तिचा प्रश्न एखाद्या लहान मुलीच्या प्रश्नासारखा उडवून लावला होता. रागाने तिचे कान तापले. पण त्याच दुपारी आणखी चार माणसं पाकिटं घेऊन आली आणि राग करत बसायला सवड मिळाली नाही.

सभेच्या आधीच्या रविवारी ती मात्स्कोंच्या घरी गेली. लिओ जुना पक्षकार्यकर्ता, तोही प्रतिनिधी होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. वय अठ्ठ्याहत्तर. त्याच्याकडे मत मागायचं म्हणजे घरच्या माणसाकडे पाणी मागण्यासारखं, म्हणून तिने ते सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. डोलोरेसने कॉफी आणली. बर्नीने कितीजण आपल्या बाजूचे आहेत ते सांगितलं. चाळीस तर नक्की. लिओ ऐकत राहिला. मधे एकदा खोकला, तो बराच वेळ चालला.

"शनिवारी येणार ना तुम्ही? थंडी फार आहे," बर्नीने विचारलं.

"येणार, पोरी. ही ऑक्सिजनची बाटली घेऊन येणार."

मताचं तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. निघताना त्याने तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. बर्नीला त्यातून जे समजायचं ते समजलं.

शनिवारी सभा त्याच अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. बंब बाहेर काढून उभे केले होते, त्यामुळे आत डिझेलचा वास राहिला होता. प्रत्येक उमेदवाराला पाच मिनिटं. हेस्लर रस्त्यांवर आणि गोदामांवर बोलला. विल्हाइड कागदाशिवाय बोलला, आणि आपल्या आजीचं नाव घेताना बरोबर त्या जागी थांबला. बर्नीला भाषण येत नव्हतं. तिने लिहून आणलेला कागद वाचायला घेतला, दोन ओळींनंतर तो खाली ठेवला आणि मागच्या आठवड्यात कचेरीत कोणकोण आलं ते सांगितलं. नावं घेतली नाहीत. एक बाई, जिच्या मुलाला इराकमधून आल्यावर झोप येत नाही. एक माणूस, जो सरकारी कागदांत मेलेला आहे आणि जिवंत असल्याचा दाखला मागायला तीन महिने फिरतोय. "हे तिकडच्यांना माहीत नाही," ती म्हणाली, "आणि जाऊन सांगणारं कुणी नाही. मी सांगेन." एवढं बोलून ती खाली उतरली.

हॉल उभा राहिला. एक्क्याण्णव माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, काही जणी डोळे पुसत होत्या. हेस्लरला असं झालं नव्हतं, विल्हाइडलाही नाही. मागच्या रांगेत बसलेल्या रेजिनाने पर्स बंद केली आणि उघडली. तिलासुद्धा त्या घटकेला वाटलं की आपण चुकलो.

चिठ्ठ्या टाकून झाल्या, मोजून झाल्या. क्लॉझरने चष्मा पुसून वाचलं. विल्हाइड एकोणचाळीस. हेस्लर अडतीस. युरकोनिस चौदा.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बर्नीला वाटलं एक्केचाळीसचे चुकून चौदा वाचले गेले असतील. ती क्लॉझरच्या तोंडाकडे पाहत राहिली, तो दुरुस्त करेल म्हणून. तो म्हणाला, बहुमत कुणालाच नाही, दुसरी फेरी वीस मिनिटांनी, शेवटचं नाव गळेल. मग त्याने मान हलवून तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

तिथे मोठ्या पातेल्यांत संध्याकाळसाठी बटाटे उकडत होते. विल्हाइड आधीच येऊन उभा होता. क्लॉझरने फार वळणं घेतली नाहीत. तुझी चौदा माणसं तू सांगशील तिकडे जातील, तो म्हणाला. हेस्लर आला तर ही कचेरी काउंटीच्या इमारतीत नेणार आणि आपल्या मेहुणीला बसवणार, हे त्याने चार लोकांत बोलून दाखवलंय. ग्रँट आला तर कचेरी आहे तिथे राहील आणि तू आहेस तिथे राहशील.

"हे लिहून देणार का?" बर्नीने विचारलं.

क्लॉझरला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "बर्नी, आपण असं लिहून देतो का कधी?"

विल्हाइड म्हणाला, "माझा शब्द आहे, मिस बर्नी," आणि हात पुढे केला.

बर्नीला त्या क्षणी निघून जावंसं वाटत होतं. कोट घ्यावा, रेजिनाला घ्यावं आणि घरी जाऊन दार लावून घ्यावं. ते चौदा कुणाला जायचे त्याला जावोत. पण तिच्या टेबलावर सोमवारसाठी ठेवलेली नऊ पाकिटं होती. ती हेस्लरच्या मेहुणीला ओळखत होती. त्या बाईला स्वतःच्या घराच्या कराचा कागद वाचता येत नव्हता. बर्नीने हात मिळवला.

बाहेर येऊन तिने माईकवर सांगितलं की माझ्या बाजूच्यांनी ग्रँट विल्हाइडला मत द्यावं. पुन्हा टाळ्या झाल्या, या खेपेस सुटल्यासारख्या. दुसऱ्या फेरीत विल्हाइडला पन्नास पडली, हेस्लरला एक्केचाळीस. म्हणजे तिच्या चौदांपैकीही तिघांनी तिचं ऐकलं नव्हतं.

कोट ठेवायच्या खोलीत लिओ एकटाच बाकावर बसला होता, ऑक्सिजनची बाटली पायांत धरून. डोलोरेस गाडी गरम करायला गेली होती. बर्नी त्याला टोपी द्यायला वाकली.

"मी तुला दिलं नाही," लिओ म्हणाला.

बर्नी टोपी हातात धरून थांबली.

"क्लॉझरने माझ्या नातवाला काउंटीच्या रस्ते खात्यात लावायचं कबूल केलंय. विल्हाइड आला तर." तो श्वासासाठी थांबला. "तू मला जे द्यायचं ते दिलंस, पोरी. आता तुझ्याकडे मला द्यायला काही उरलं नाही. त्याच्याकडे आहे."

"मला सांगायचं होतंत रविवारी," बर्नी म्हणाली.

"तू कॉफी पीत होतीस."

तिला रडू आलं नाही. उलट तिला वाटलं की आज दिवसभरात कुणी खरं बोललं असेल तर हा एक. तिने त्याला टोपी घातली, नळी मोकळी केली आणि गाडीपर्यंत नेलं. डोलोरेसने आतूनच तिच्याकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाली की तुझं भाषण फार छान झालं.

घरी जाताना गाडीत रेजिनाने टोमणा मारला असता तर बर्नीला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात विल्हाइड निवडून आला, ठरल्याप्रमाणेच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वॉशिंग्टनहून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड होता, बाविशी-तेविशीची असेल. ती म्हणाली की खासदारसाहेबांनी भागातल्या सेवेची नव्याने रचना केलीय. केर्नी गॅपची कचेरी महिनाअखेर बंद होईल. लोकांना अर्ज संगणकावरून करता येतील, शिवाय साठ मैलांवरच्या मोठ्या कचेरीत भेट घेता येईल. तुमच्या अनुभवाची साहेबांना खूप किंमत आहे, तुम्ही तिकडे अर्ज करू शकता. बर्नीने विचारलं, इथल्या सत्तर-ऐंशीच्या म्हाताऱ्यांनी संगणकावर कसं करायचं? मुलगी म्हणाली की त्यासाठी एक मार्गदर्शक व्हिडिओ तयार होतोय.

बर्नीने विल्हाइडला तीन फोन केले. तिन्ही वेळा निरोप घेतला गेला. चौथ्यांदा ती क्लॉझरकडे गेली. तो अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होता.

"त्याने शब्द दिला होता. तुमच्या देखत," ती म्हणाली.

"दिला होता," क्लॉझर म्हणाला. "मी त्याला बोललो. तो म्हणाला परिस्थिती बदलली. इथं मतं कमी होत चाललीत बर्नी, माणसंच कमी होत चाललीत. तो तरी काय करेल?" रोपाला सुतळी बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं. "आणि खरं सांगू का? तू उभीच राहायला नको होतीस. चौदा मतं दिसली नसती, तर तुझ्यामागे अख्खं गाव आहे असं त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं असतं. कचेरी बंद करायला तो बिचकला असता."

घरी जाताना बर्नीने गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली. क्लॉझर दुष्टपणाने बोलला नव्हता. हिशेब बरोबर होता. एवढी वर्षं तिच्या मागे काय आहे ते कुणी मोजलं नव्हतं, आणि तीच तिची ताकद होती. ती मोजायला तिने स्वतःच लावली होती.

महिनाअखेर तिने कचेरी रिकामी केली. प्रकरणांचे कागद ठेवून घ्यायची परवानगी नव्हती. दोन माणसं गाडी घेऊन आली आणि खोकी घेऊन गेली. ज्यांचे मूळ दाखले त्यांत होते, ते तिने आधीच घरोघरी जाऊन परत केले होते.

लोक तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊ लागले. पूर्वीसारखेच, पाकीट घेऊन. बर्नी त्यांना बसवायची, चष्मा लावायची, फॉर्म भरून द्यायची. पण फोनवर आता तिच्याजवळ ते वाक्य नव्हतं. "मी बर्नाडेट युरकोनिस बोलतेय," असं म्हटलं की पलीकडे शांतता असायची. ज्या माणसांशी ती वीस वर्षं फोनवर बोलली होती, त्यांनीही आधी ओळखीचं हसून मग सांगितलं की आता तुझ्याशी बोलणं नियमात बसत नाही. हिवाळा येईपर्यंत येणारे निम्मे झाले. काम होत नाही तिथे कोण किती दिवस येणार?

लिओ ऑक्टोबरात गेला. नातवाला नोकरी लागली होती, पण रस्ते खात्याने सहा महिन्यांची हंगामी माणसं कमी केली त्यात त्याचंही नाव होतं. डिसेंबरात डोलोरेस आली. लिओच्या मागे तिला जे पैसे मिळायचे त्यासाठी लग्नाचा दाखला मागितला होता. त्यांचं लग्न ज्या लिथुएनियन चर्चमध्ये झालं ते केव्हाच पाडलं होतं, वही कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सरकारी नोंदीत डोलोरेसच्या माहेरच्या आडनावाचं एक अक्षर चुकलेलं होतं. बर्नीला ते पाहताक्षणी कळलं. पूर्वी असतं तर दोन फोनचं काम.

तिने फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून दोघी वाट पाहत बसल्या. संगीत वाजत होतं. पन्नास मिनिटांनी एक माणूस आला. तुम्ही अर्जदाराच्या कोण, त्याने विचारलं. बर्नीने सांगितलं. मग अर्जदारालाच बोलू द्या, तो म्हणाला. डोलोरेसला नीट ऐकू येत नव्हतं. ती आपली जन्मतारीख सांगताना गोंधळली, त्याने पुन्हा विचारली, ती आणखी गोंधळली, आणि त्याने सांगितलं की ओळख पटत नाही, लेखी कळवा.

डोलोरेसने फोन ठेवला. खजील झाली होती.

"तू निवडून आली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "लिओ नेहमी म्हणायचा, मी माझं मत बर्नीलाच दिलं. शेवटपर्यंत म्हणायचा."

बर्नीने कागद नीट घडी करून पाकिटात घातले.

"हो," ती म्हणाली. "त्यांनी मला सांगितलं होतं."

दोघींनी मिळून पत्र लिहिलं. त्याला तीन महिन्यांनी उत्तर आलं, तेच कागद पुन्हा मागणारं. बर्नीने दुसरं पत्र लिहिलं, बिशपच्या कचेरीत जाऊन जुन्या वह्या पाहिल्या. ज्या वर्षाची हवी होती ती वही पुरात भिजली होती. उन्हाळ्यात डोलोरेसने घर विकायला काढलं आणि डेलावेअरला मुलीकडे गेली. जाताना ती म्हणाली की तिथे गेल्यावर जावई बघेल. जावई ट्रक चालवायचा.

पुढची निवडणूक आली तेव्हा पक्षात विल्हाइडच्या समोर उभं राहायला कुणी नव्हतं. समोरच्या पक्षानेही माणूस दिला नाही. बर्नी आणि रेजिना सकाळी चर्चच्या तळघरातल्या मतदानाच्या खोलीत गेल्या. कागदावर खासदारकीच्या चौकटीत एकच नाव होतं, त्याच्याखाली कुणाला वाटल्यास दुसरं नाव लिहायला रिकामी रेघ. बर्नी पेन हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. टेबलावरची बाई ओळखीचीच होती. तिने लांबूनच विचारलं की काही अडलंय का. बर्नी नाही म्हणाली. शाळा मंडळाच्या आणि रस्तेकराच्या चौकटी तिने नीट भरल्या, ती एक तशीच सोडली आणि कागद यंत्रात सरकवला. यंत्राने तो घेतला.

पायऱ्या चढताना रेजिनाने विचारलं, "लिहिलंस का कुणाचं नाव?"

"कुणाचं लिहू?" बर्नी म्हणाली.

बाहेर वारा सुटला होता. रेजिनाने तिचा हात धरला. पायऱ्यांवर थोरलीला आधार लागायचा. दोघी सावकाश गाडीकडे गेल्या.